हाताखाली माणसं

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे. नाव: रंगनाथ सावळीराम अरिंगळे. वय: सदुसष्ट. राहणार: जेलरोड, नाशिकरोड. उंची: मध्यम. वर्ण: सावळा; कपाळाचा वरचा भाग, जिथे टोपी असते तिथे, गोरा. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा जुना वण. व्यवसाय: एकलहरे येथील वीज केंद्रातून पाळीप्रमुख या पदावरून सेवानिवृत्त. वर्तणूक: चांगली. व्यसन: चहा. अपत्ये: एक, पुरुष, सध्या वास्तव्य जर्मनी. अपत्याने देश सोडण्याचे कारण: अधिक चांगली संधी. सदर बाबतीत इसमाची कोणाविरुद्धही तक्रार नाही.

शेवटच्या वाक्यात थोडी गफलत आहे. इसमाची एकाविरुद्ध तक्रार आहे. पण ती स्वतःविरुद्धच असल्यामुळे नोंदवून घ्यायला कोणी तयार होत नाही.

रंगनाथ अरिंगळ्यांना जेलरोडपासून सामनगाव रोडपर्यंत सगळे नाना म्हणतात, तेव्हा इथून पुढे आपणही नानाच म्हणू.

माणूस मोजायची मापं जागोजाग वेगळी असतात. निफाडकडे एकर विचारतात, पंचवटीत कूळ विचारतात, मेनरोडला दुकानाचा गाळा कोणत्या अंगाला आहे ते विचारतात. थर्मलला (एकलहऱ्याच्या केंद्राला तिथली माणसं दुसरं काही म्हणत नाहीत) एकच माप चालायचं: हाताखाली किती माणसं? नाना हेल्पर म्हणून लागले, ऑपरेटर झाले आणि तिथेच राहिले. टर्बाइनच्या मजल्यावर उभं राहायचं, फिरून बघायचं, ऐकायचं. हाताखाली एक पाना, एक बॅटरी आणि कानात घालायचा कापूस. काम चांगलं करत. पण चांगलं काम हे काही माप नव्हे. सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नात पंगतीला बसलं की शेजारचा विचारायचा, "थर्मलला का? मग हाताखाली किती?" नाना पानातल्या भाताकडे बघत म्हणायचे, "आमच्याकडं मशीन असतं." त्यावर शेजारचा "असं, असं" म्हणायचा आणि पलीकडच्या माणसाकडे वळायचा.

हे 'असं, असं' नानांनी तीसेक वर्षं ऐकलं. मग निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांना पाळीप्रमुख केलं. काचेची खोली, टेबल, फिरती खुर्ची आणि बावीस माणसं. नानांनी गल्लीत पेढे वाटले. निवृत्तीच्या समारंभात बोलायला उभे राहिले तेव्हा "बावीस माणसं सांभाळली" हे वाक्य दोनदा म्हणाले. टर्बाइनचं नाव एकदाही निघालं नाही.

मुलगा योगेश. इंजिनिअर झाला, पुण्याला हिंजवडीत काही वर्षं काढली, आणि एके दिवशी नाशकात परत आला. हे संशयास्पद होतं. पुण्याहून मुलगा परत येतो तो एकतर आजारी असतो किंवा काढलेला असतो, अशी गल्लीची समजूत. योगेश दोन्ही नव्हता. अंबडला लखन गायधनी या माणसाची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती. तिच्या नावात 'ग्लोबल' हा शब्द होता आणि बहुतेक गिऱ्हाईक निफाड-दिंडोरी तालुक्यांतलं. द्राक्षांच्या शीतगृहांसाठी ते लोक प्रोग्रॅम करत. बागेतून आलेला माल ठरल्या वेळात ठरल्याइतका गार झाला पाहिजे, नाहीतर परदेशात पोचेपर्यंत मणी सुटतात. कुठल्या खोलीचं दार किती वेळ उघडं राहिलं, कुठला कॉम्प्रेसर दमलाय, कोणाला आत्ताच्या आत्ता फोन गेला पाहिजे, हे सगळं बघणारा प्रोग्रॅम योगेशने एकट्याने लिहिला होता. सीझनमध्ये तो स्वेटर आणि कानटोपी घालून पिंपळगावच्या शीतगृहात जाऊन उभा राहायचा आणि बाहेर ऊन रणरणत असताना नाक लाल करून घरी यायचा. खुशीत.

"पुण्यात काय करत होतास मग?" आईने, म्हणजे सरिताबाईंनी, एकदा विचारलं.

"एका अमेरिकन विमा कंपनीच्या बाराशे पडद्यांपैकी एका पडद्यावरचं एक बटण सांभाळत होतो. इथं माझं लिहिलेलं मला चालताना दिसतं."

त्याने नाशिक सोडायचं काहीच कारण नव्हतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते सगळेच विसरले.

नानांना त्याचं काम म्हणजे टायपिंग वाटायचं. वाईट अर्थाने नव्हे. मुलगा जेवणाच्या टेबलाशी तासन्‌तास पडद्याकडे बघत बसायचा, हाक मारली तर ओ द्यायचा नाही, चहावर साय धरायची, मग एकदम दोन ओळी लिहायचा आणि स्वतःशीच हसायचा. "बरं चाललंय," नाना म्हणायचे. पण बरं चाललंय म्हणजे नेमकं काय, हे चारचौघांत सांगता येत नव्हतं.

ते सिन्नरला विचारलं गेलं.

मुलगी बघायला गेले होते. मुलगी पतसंस्थेत होती, शांत होती, तिने काही विचारलं नाही. विचारण्याचं खातं तिच्या मामांकडे होतं.

"काय करता पावनं आपण?"

"प्रोग्रॅमर आहे. अंबडला."

"ते कळलं. हाताखाली किती?"

"कोणी नाही," योगेश म्हणाला, आणि वर हसून म्हणाला, "मीच माझ्या हाताखाली."

मामांना विनोद चालत नसावेत. "वय किती म्हनलात?"

"चौतीस."

"चौतिशीत एकबी मानूस नाय." मामा नानांकडे वळले. "आमचा पुतन्या हाय अंबडलाच, पत्र्याच्या कंपनीत. तिशीत सुपरवायझर. रोज अठरा जन सलाम ठोकत्यात."

"आमच्याकडे सलाम नसतो," योगेश म्हणाला.

"मंग काय असतं?"

"एकमेकांच्या चुका काढतो."

"असं, असं," मामा म्हणाले आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली.

येताना शिंदे गाव आलं तशी नानांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "माणसं पाहिजेत."

"कसली माणसं?" सरिताबाई म्हणाल्या. "मुलगी तर चांगली होती."

"हाताखाली म्हणतो मी."

मागच्या सीटवर योगेश मोबाइलवर काहीतरी वाचत होता. त्याने ऐकलं असेल किंवा नसेलही.

नानांच्या डोक्यात दुसरीही एक भीती होती, आणि ती जास्त खरी होती. योगेशच्या वर्गातली निम्मी पोरं परदेशात गेली होती. कोणी टोरांटोला, कोणी डब्लिनला. योगेशलाही तिकडून विचारणा येत. तो ती नानांना वाचून दाखवायचा आणि "नको" म्हणून पुसून टाकायचा. आज पुसतोय, उद्या पुसेल याची खात्री काय? नानांनी विचार केला तो सरळ होता. पोराला हुद्दा मिळाला तर मान मिळेल, मान मिळाला तर लग्न होईल, लग्न झालं तर घर होईल, आणि घर झालं की माणूस कशाला हलतोय? द्राक्षाच्या वेलाला तारेवर चढवतात, तसंच हे. वेलाला विचारायची पद्धत नाही.

तेव्हा नाना लखनकडे गेले.

लखन गायधनी पळसे गावचा. त्याचे वडील कारभारी गायधनी थर्मलला नानांच्याच पाळीत होते. लहानपणी लखन नानांच्या घरी जेवलेला, नानांच्या हातची चापटही खाल्लेला. आता तो कंपनीचा मालक होता, अंगात ब्लेझर होता, पण नाना आत आले तेव्हा उठून उभा राहिला आणि खुर्चीवरची फाइल स्वतः उचलली.

"लखनशेठ, एक शब्द टाकायला आलोय."

"शेठ कसलं नाना! बोला ना."

"योगेशला वर घ्या."

"वर म्हणजे?"

"मॅनेजर करा. दहा-पाच माणसं द्या हाताखाली."

लखन जरा वेळ पेपरवेट फिरवत राहिला. "नाना, तो प्रोग्रॅमर म्हणून हिरा आहे हो."

"मग हिऱ्याला कोंदण करा."

"त्याने स्वतः कधी मागितलं नाही."

"आम्ही तरी कुठं मागितलं कधी? तुझ्या बापाने मागितलं? मागितलं नाही म्हणून तीस वर्षं पाना धरून बसलो." मग आवाज खाली आणून नाना म्हणाले, "पोरगं एकुलतं आहे, लखन. कुणीतरी उचलून नेईल. इथं त्याला काहीतरी धरून ठेवायला पाहिजे."

आपल्याकडे शब्द टाकतात. टाकलेला शब्द उचलावा लागतो. न उचलला तर टाकणाऱ्याचं नाक कापलं जातं. आणि उचलून पुन्हा खाली ठेवला तर दोघांचंही. लखनला हे माहीत होतं. त्याने बेल दाबून चहा मागवला, याचा अर्थ शब्द उचलला.

पुढच्याच महिन्यात योगेश डिलिव्हरी मॅनेजर झाला. खिडकीजवळचं टेबल सोडून तो एका केबिनमध्ये गेला. केबिनला खिडकी नव्हती. हुद्दा होता, म्हणून खिडकीची गरज नसावी. दारावर नावाची पाटी, आत एसी, भिंतीवर पांढरा फळा आणि बाहेर चौदा माणसं. नानांनी पुन्हा पेढे वाटले. सिन्नरचे मामा आपण होऊन फोनवर बोलले. "आता कसं," म्हणाले.

योगेशने घरी आल्यावर पाया पडून सांगितलं, पण नानांना वाटलं होतं तितका तो खूश दिसला नाही. "दमला असेल," नाना म्हणाले. "जबाबदारी आली ना."

जबाबदारी अशी होती. सकाळी कोण आलं, कोण नाही. कोणाची रजा मंजूर, कोणाची नाही. दुपारी गिऱ्हाइकाला फोन करून सांगायचं की काम होत आलंय. मग पोरांना विचारायचं की काम कुठवर आलंय. महिन्यातून एकदा ज्यांचे वाढदिवस असतील त्यांचा एकत्र केक कापायचा. आठवड्यातून एकदा चौदा जणांनी कोणत्या तासाला काय केलं ते भरून घ्यायचं आणि पाहायचं, म्हणजे भरलंय की नाही ते पाहायचं. काय केलं ते पाहायला वेळ नसे. एकदा पोरांच्या लिखाणातली चूक दिसली म्हणून तो एका मुलाच्या खुर्चीवर बसून दुरुस्त करायला लागला. लखनने त्याला बाजूला घेतलं.

"योगेश, मॅनेजरने कोडला हात लावायचा नाही. पोरांना वाटतं आपल्यावर विश्वास नाही."

"पण ते चुकलंय."

"मग त्यांना सांग चुकलंय म्हणून."

"ते दोन दिवस शोधतील. मी पाच मिनिटांत करतो."

"तेच तर," लखन म्हणाला. "तुझी पाच मिनिटं आता महाग आहेत."

मग घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. रविवारी योगेश खोलीचं दार लोटून बसायला लागला. नाना आत गेले की तो लॅपटॉप खटकन मिटायचा. दोन-तीनदा झालं. नानांच्या मनात नको ते आलं. पस्तिशीचा बिनलग्नाचा मुलगा, दार लोटलेलं. सरिताबाईंना तर सांगायची सोय नव्हती. शेवटी एकदा तो आंघोळीला गेलेला असताना नानांनी धीर करून लॅपटॉप जरासा उघडून बघितला. पडद्यावर चित्र नव्हतं. इंग्रजीतल्या ओळी होत्या, काही आत सरकवलेल्या, काही बाहेर, मधे मधे कंस. पोरगं चोरून कोड लिहीत होतं. दारूबंदीच्या गावात माणूस मागल्या दाराने जावा तसं.

नानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लॅपटॉप होता तसा मिटला. तेव्हा त्यांना फक्त बरं वाटलं. खरं तर तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं.

सिन्नरचं स्थळ 'बघू' वर राहिलं. योगेश सगळ्यालाच 'बघू' म्हणायला लागला होता. जेवण कमी झालं. परदेशातून विचारणा आली तर आता तो नानांना वाचून दाखवत नसे. आणि मग, दसऱ्याच्या आसपास, सकाळचं खाणं चाललेलं असताना त्याने सांगितलं.

"नाना, मला ब्रेमेनला नोकरी लागली. जर्मनीत."

सरिताबाईंच्या हातात थालीपिठाचा तवा होता. तो त्यांनी खाली ठेवला, मग पुन्हा गॅसवर ठेवला.

"काय म्हणून?" नानांनी विचारलं.

"प्रोग्रॅमर."

"आणि हाताखाली?"

"कोणी नाही."

"मग जातोस कशाला?" नानांचा आवाज चढला. "इथं चौदा माणसं आहेत, केबिन आहे, साहेब म्हणतात. तिकडं जाऊन पुन्हा पहिल्या पायरीवर बसणार? लोक वर जायला परदेशात जातात, तू खाली यायला चाललास?"

योगेशने थालीपिठाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "हो," म्हणाला.

एवढंच. ज्या बापाला मुलाशी भांडायचं आहे, त्याला मुलगा 'हो' म्हणाला की पुढे काही उरत नाही.

तो गेला. गल्लीने हार घातला, कोणीतरी फेसबुकवर टाकलं, नगरसेवकाने फलक लावला, त्यावर नगरसेवकाचा फोटो योगेशच्या फोटोपेक्षा मोठा होता. आणि पंधरा दिवसांत सिन्नरहून मामांचा फोन आला.

"जर्मनीला गेले म्हनं जावईबापू!"

"जावई अजून कुठं झालाय," नाना म्हणाले.

"होईल की. आमची तयारी हाय. पोरीलाबी तिकडं नोकरी बघता येईल."

"अहो, पण तो तिकडं..." नाना थांबले. त्यांनी मामांना वेळ दिला. हाताखाली किती, हा प्रश्न आता येईल, मग येईल, अशी वाट बघितली. मामांनी थंडीचं विचारलं, वेळेतला फरक विचारला, तिकडं भाकरी मिळते का विचारलं. तो प्रश्न काही आला नाही. कुठली कंपनी, काय हुद्दा, काहीच नाही. जर्मनी म्हटल्यावर हिशोब पुरा झाला होता.



योगेश रविवारी फोन करायचा. तिकडच्या एका डीटर नावाच्या माणसाबद्दल सांगायचा. बासष्ट वर्षांचा, अजून प्रोग्रॅमर. मॅनेजर बाई त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. पण काही अडलं की ती उठून त्याच्या टेबलाशी जाते.

"मग त्याच्या हाताखाली काय?" नानांनी सवयीने विचारलं.

"सायकल असते, नाना."

नाना हसले. मग म्हणाले, "तुला बरं आहे ना तिथं?"

"काम बरं आहे." मग तो म्हणाला, "इथं कोणी विचारत नाही हाताखाली किती. तसं इथं कोणी काहीच विचारत नाही. शेजारचं दार कधी उघडतं तेही मला माहीत नाही. काल नाशिकची द्राक्षं दिसली दुकानात. डबा उचलून बघितला, पिंपळगावची होती. गारवा बरोबर धरलेला होता."

"घेतलीस?"

"घेतली. दोन दिवस खाल्ली नाही."

तो गेल्याला दुसरं वर्ष चालू असताना सरिताबाईंनी मनात ठेवलेलं सांगितलं. शेंगा सोलत बसली होती दोघं. नाना नेहमीचं बोलत होते: इथं काय कमी होतं त्याला, नको होती केबिन तर तसं लखनला सांगायचं, पुन्हा खिडकीशी बसायचं, एवढ्यासाठी कोणी देश सोडतं का.

"तसं कसं सांगणार?" सरिताबाई म्हणाल्या. "तुम्ही शब्द टाकला होता ना."

नानांचा हात शेंगांत थांबला. "त्याला कोणी सांगितलं?"

"लखननेच. पहिल्याच दिवशी. पेढे देताना म्हणाला, तुझ्या नानांचा शब्द म्हणून केलं."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"योगेशने शपथ घातली होती. जायच्या आधी बोलला माझ्याशी. म्हणाला, आई, मी खाली उतरलो तर नानांचा शब्द पडेल. पुण्याला गेलो प्रोग्रॅमर म्हणून, तरी चार लोक म्हणणार, मॅनेजर होता, काय झालं, काढलं का? नाना नाशिकरोडला कसे फिरतील? परदेशात गेलं की कोणी विचारत नाही. तिकडं खाली उतरलं तरी इथून वर गेल्यासारखंच दिसतं." त्यांनी टरफलं गोळा केली. "मी म्हटलं, अरे, नानांना सांगून तर बघ. तर म्हणाला, त्यांनी आयुष्यात एकदाच कुणाकडे शब्द टाकला, तोही माझ्यासाठी."

नानांनी सोललेलीच शेंग पुन्हा सोलायला घेतली.

"आणि तुम्हाला खरं म्हणजे कळायला पाहिजे होतं," सरिताबाई म्हणाल्या. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "त्या शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही काय सुखात होतात? डबा अर्धा परत यायचा. काचेच्या खोलीत मशीनचा आवाज येत नाही म्हणून झोपेतून उठून बसायचात. बंद पडलं बंद पडलं म्हणायचात. कशाला तरी निमित्त काढून खाली मजल्यावर जाऊन उभे राहायचात, आणि साहेब रागावले की घरी येऊन माझ्यावर चिडायचात. विसरलात?"

विसरले नव्हते. बावीस माणसं सांभाळली, हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं होतं की त्याच्या खालचं काही दिसेनासं झालं होतं. ती दोन वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट होती, आणि तीच त्यांनी उचलून, पुसून, पोराच्या ताटात वाढली होती. वर पेढेही वाटले होते.

दुसऱ्या दिवशी नाना अंबडला गेले. लखन पुन्हा उठून उभा राहिला.

"लखन, योगेशला परत बोलवायचं म्हणतो मी."

"अहो, मग उद्या येऊ द्या! केबिन आहे तशी आहे. नुसती झाडून घ्यायची."

"केबिन नको. पहिल्या जागेवर बसव त्याला. खिडकीशी."

"प्रोग्रॅमर म्हणून?"

"हां."

"हाताखाली?"

"कोणी नको."

लखनने चष्मा काढला. "नाना, तुम्हीच आला होतात."

"तो शब्द मी परत घेतो."

"शब्द घ्याल हो. मला काय तो नकोय? त्याने लिहिलेलं ते शीतगृहाचं, आज कोणाची हात लावायची टाप नाही. चालतंय तसं चालवतो आम्ही, नारळ फोडून. पण बसवू कुठं सांगा? सदतीस वर्षांचा प्रोग्रॅमर. त्याच्या वर मॅनेजर कोण? सनी. एकोणतीसचा आहे, योगेशनेच शिकवलेला, अजून त्याचं नाव काढताना योगेश सर म्हणतो. त्या सनीच्या हाताखाली सरांना बसवू?"

"तिकडं बसवलंय की."

"तिकडं सर म्हणत नाहीत ना, नाना."

बाहेर पोरं एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत होती. सगळी कोवळी. नानांनी काचेतून बघितलं. तिशीच्या वरचं एकही तोंड दिसलं नाही.

"यांची दाढी पिकल्यावर ही कुठं जातात रे?"

"पिकेपर्यंत थांबत नाहीत. चार-पाच वर्षं झाली की मॅनेजर करावं लागतं, नाही केलं तर घरचे ओरडतात. तुम्हाला सांगायला नको." लखन ओशाळून हसला. "आणि केलं तर..."

"तर?"

"बरा असला तर राहतो. चांगला असला तर योगेशसारखा जातो. मॅनेजर म्हणून पाठवा नाना, आजच्या आज घेतो. प्रोग्रॅमर म्हणून त्या वयाची जागाच नाही आमच्यात. कोणाकडेच नाही, नुसती आमची गोष्ट नाही."

त्याने बेल दाबून चहा मागवला. नाना चहाला थांबले नाहीत. लखन जिन्यापर्यंत सोडायला आला, 'योगेशला नमस्कार सांगा' म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

खाली फाटकाला शिपाई नवा फलक बांधत होता. एक बाजू खाली आली होती, म्हणून त्याने नानांना दोरी धरायला सांगितली आणि नानांनी ती गाठ बसेपर्यंत धरली. कंपनीला प्रोग्रॅमर तातडीने पाहिजे होते. अनुभवाची अट शून्य ते तीन वर्षे अशी होती. त्याहून जास्त अनुभव असलेल्यांनी अर्ज करू नयेत.